तुपाची बेरी, टिकलीचं स्वादुपिंड आणि पाच दिवसांचे आकडे

1 नोव्हेंबर 2024, शुक्रवार, लक्ष्मीपूजन. सकाळी आईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, साठवलेलं लोणी कढवायला घेतलं. संध्याकाळी अनारसे तळायचे होते. तूप गाळून झालं की कढईच्या तळाशी जी तांबूस बेरी उरते ती आमच्या घरात टिकलीची, हा नऊ वर्षांचा रिवाज. एरवी चमचाभर निघते. त्या दिवशी लोणी जास्त होतं, त्यामुळे बेरीही वाटीभर निघाली आणि तिला लागलेलं तूप वेगळंच. टिकलीनं कढई चाटून लख्ख केली.

टिकली म्हणजे आमची लॅब्राडोरच्या वळणाची काळी कुत्री. कपाळावर पांढरा ठिपका, म्हणून हे नाव. वय नऊ, वजन 29 किलो, म्हणजे तिच्या हाडापेरापेक्षा चारेक किलो जास्तच.

पाडव्याच्या रात्री तिला पहिली उलटी झाली. पहाटेपर्यंत आणखी चार झाल्या, शेवटच्या दोन नुसत्या पिवळ्या फेसाच्या. भाऊबीजेला रविवार होता. साताऱ्यात आमचे नेहमीचे डॉक्टर गावी गेलेले. एक दवाखाना तासभर उघडा सापडला. तिथे उलटीचं आणि पित्ताचं इंजेक्शन दिलं, "सणाचं खाणं बाधलंय" म्हणाले आणि घरी पाठवलं. पोट चाचपलं नाही, रक्त घेतलं नाही. मलाही विचारायचं सुचलं नाही. घरात नणंद, भाचरं, ओवाळणीची गडबड होती, आणि इंजेक्शन झालं म्हणजे आता उतरेल असंच वाटलं.

त्याच दुपारी टिकली अंगणात एका विचित्र पवित्र्यात उभी राहिलेली दिसली. पुढचे पाय आणि छाती जमिनीला टेकलेली, मागचा भाग वर. भाचा म्हणाला, "मामी, टिकली नमस्कार घालतेय." आळस देताना कुत्री असं करतात, पण ती दोन क्षणात सरळ होतात. टिकली तशीच मिनिटभर थांबली, मग कण्हत बाजूला कलंडली. पोट दुखणारी कुत्री आराम मिळावा म्हणून असं उभं राहतात हे मला दुसऱ्या दिवशी कळलं. उलट्या आणि हा पवित्रा एकत्र दिसला तर थांबू नका. शक्य झालं तर मोबाईलवर चित्रीकरण करून डॉक्टरांना दाखवा. भाच्यानं गंमत म्हणून काढलेला व्हिडिओच पुढे आमच्या कामी आला.

4 नोव्हेंबरला सकाळी नऊ वाजता आमचे डॉक्टर परत आले होते. त्यांनी पोटावर हात ठेवताच टिकलीनं अंग आखडलं. व्हिडिओ पाहून ते म्हणाले, "स्वादुपिंडाला सूज असावी. रक्त बघू." एक नळी जांभळ्या झाकणाची, एक लाल झाकणाची. जांभळी त्यांच्याच यंत्रावर लावली. पांढऱ्या पेशी 24,000, प्लेटलेट 1 लाख 45 हजार. प्लेटलेट कमी दिसले की आपल्याकडे आधी गोचीडतापाची शंका येते, म्हणून त्याची पट्टी आणि काचेवरचा रक्ताचा नमुना दोन्ही तपासले. काही निघालं नाही.

लाल झाकणाची नळी बाहेरच्या प्रयोगशाळेत गेली आणि तिथे चार-पाच तास तशीच पडून राहिली. दुपारी फोन आला, नमुना फुटला, पुन्हा रक्त द्या. लाल पेशी फुटून रंग द्रवात उतरला की बरेच आकडे चुकतात. त्या घाईच्या दिवशी अख्खा अर्धा दिवस गेला. नमुना बाहेर जाणार असेल तर "सिरम वेगळं किती वाजता करणार?" एवढं विचारून ठेवा. (सिरम म्हणजे रक्त गोठल्यावर पेशींपासून वेगळा होणारा द्रव.)

मी डॉक्टरांना म्हटलं, माणसांच्या लॅबमध्ये अमायलेज आणि लायपेज लगेच करून देतात, तिथे देऊ का? त्यांनी समजावलं की कुत्र्यात ही दोन विकरं जठर, आतडं अशा ठिकाणांहूनही येतात आणि मूत्रपिंड मंदावलं तरी रक्तात साठतात. ती वाढली म्हणून स्वादुपिंडाचा आजार ठरत नाही, आणि साधारण आली म्हणून तो नाही असंही ठरत नाही. हवी ती फक्त स्वादुपिंडातून येणारं लायपेज ओळखणारी चाचणी, तिला सीपीएल म्हणतात. तिचं किट त्यांच्याकडे संपलं होतं आणि पुरवठादार दिवाळीच्या सुट्टीवर. शिवाय टिकलीला रात्रभर सलाईनवर, देखरेखीखाली ठेवायला हवं होतं. त्यांनीच पुण्यातल्या चोवीस तास चालणाऱ्या एका दवाखान्यात फोन केला आणि केसपेपरवर दिलेली औषधं वेळेसकट लिहून दिली.

साडेपाचला निघालो. पायातली सलाईनची सुई तशीच ठेवून वर पट्टी गुंडाळलेली, टिकली मागच्या सीटवर आईंच्या मांडीवर डोकं ठेवून. भाऊबीज उरकून पुण्याला परतणाऱ्या सगळ्या गाड्या आमच्या पुढे. खंबाटकीच्या बोगद्याआधीच रांग लागली. खेड शिवापूरला निवडणुकीची नाकाबंदी होती. अनामत भरायला म्हणून नवऱ्यानं चाळीस हजार रोख काढले होते, आचारसंहितेत पन्नास हजारांच्या वर कागदपत्रांशिवाय नेता येत नाहीत म्हणून मोजून तेवढेच. हवालदारांनी काच खाली करायला लावली, आत बघितलं आणि "जावा, जावा लवकर" म्हणाले. आई वाटेत एकच वाक्य तीन-चारदा बोलल्या. "मीच दिली गं बेरी." मला काय उत्तर द्यावं ते सुचत नव्हतं.

साडेनऊला पोचलो. रात्रीची तपासणी फी 1,500, अनामत 20,000. मग एक संमतिपत्र. त्यात एक ओळ अशी की हृदय बंद पडलं तर पुन्हा सुरू करण्याचा प्रयत्न करायचा का, हो किंवा नाही. त्या ओळीपाशी माझा हात थांबला. हा प्रश्न सगळ्यांनाच विचारतात, त्यावरून तुमच्या जनावराची स्थिती ठरत नाही. मला ते कुणी आधी सांगितलं असतं तर बरं झालं असतं, म्हणून इथे सांगतेय. आम्ही "हो" वर खूण केली.

तंत्रज्ञ मुलगी रक्ताची नळी यंत्रात फिरवून घेऊन आली आणि आमच्यासमोर दिव्यापुढे धरली. खाली लाल थर, आणि वर जिथे पिवळसर पारदर्शक द्रव असायला हवा तिथे ताकाच्या निवळीसारखं पांढुरकं पाणी. "ही चरबी आहे," ती म्हणाली, "दोन दिवस पोटात काही नाही, तरी." आईंनी ती नळी बराच वेळ पाहिली. इतकी चरबी असली की काही चाचण्यांचे आकडे बिघडतात, म्हणून तिनं ती पुन्हा जोरात फिरवून खालचा निवळ भाग घेतला. दोन वेगवेगळ्या पट्ट्यांवर थेंब टाकले. वीसेक मिनिटांत कागद हातात आला.

सीपीएल 1,240 नॅनोग्रॅम प्रति मिली. 200 पर्यंत ठीक, 200 ते 400 संशयाचं, 400 च्या वर म्हणजे स्वादुपिंडदाह धरून चालायचा. मी मनातल्या मनात भागाकार केला आणि विचारलं, "सहापट आहे. म्हणजे सहापट गंभीर का?"

ड्यूटीवरच्या डॉक्टरबाई वयानं माझ्यापेक्षा लहान होत्या. खुर्ची ओढून समोर बसल्या. म्हणाल्या, "ताई, दुखणं स्वादुपिंडात आहे एवढंच या आकड्यानं कळतं. ते किती पसरलंय हे बाकीचे सांगतील. सातशेवालं कुत्रं अत्यवस्थ असतं आणि दोन हजारवालं चालत घरी जातं."

मग त्यांनी केसपेपरच्या मागे चार ओळी लिहिल्या. तो कागद माझ्याकडे अजून आहे. कुत्र्यांच्या तीव्र स्वादुपिंडदाहाची गंभीरता मोजायला 2019 साली एक गुणांकन प्रसिद्ध झालं, त्यातल्या या चार गोष्टी. सगळ्या शरीरभर दाह पसरल्याची चिन्हं आहेत का, म्हणजे ताप, नाडी, श्वास आणि पांढऱ्या पेशी. रक्त गोठण्यात बिघाड आहे का. मूत्रपिंडाचं काम कसं चाललंय ते सांगणारं क्रिएटिनिन वाढलंय का. रक्तातलं मोकळं कॅल्शियम उतरलंय का. पहिल्या ओळीपुढे त्यांनी बरोबरची खूण केली. क्रिएटिनिन 2.1 होतं, त्या यंत्रावर 1.8 पर्यंत चालतं. मोकळं कॅल्शियम 1.09, जरा खालीच. रक्त गोठण्याची चाचणी ठीक निघाली. चारपैकी तीन खुणा.

पाचवी ओळ त्यांनी वेगळी, खाली लिहिली. सीआरपी 142. निरोगी कुत्र्यात हे प्रथिन लिटरला 10 मिलिग्रॅमच्या आत असतं. शरीरात कुठेही मोठा दाह पेटला की यकृत काही तासांत ते भराभरा तयार करतं, आणि दाह शमला की ते तितक्याच लवकर उतरतं. म्हणून रोज मोजण्यात अर्थ आहे. दाह कुठे आहे हे मात्र त्यावरून कळत नाही, न्यूमोनियातही ते चढतं आणि गर्भाशयात पू झाला तरी चढतं. टिकलीचं गर्भाशय काढलेलं होतं, छातीचा एक्स-रे स्वच्छ होता. (मांजरवाल्यांनी हे वाचून सीआरपी मागू नये. मांजरात तो उपयोगी पडत नाही, त्यांच्यासाठी दुसरं प्रथिन बघतात.)

"आता आहे ते गंभीर आहे," डॉक्टरबाई म्हणाल्या, "पण उद्या सकाळचे आकडे मला आजच्यापेक्षा जास्त सांगतील."

रात्री टिकलीला रिंगर लॅक्टेटचं सलाईन, उलटीसाठी मॅरोपिटंट आणि कळ थांबवणारं कडक औषध सुरू झालं. नवऱ्यानं विचारलं, अँटिबायोटिक का नाही? उत्तर असं की हा दाह बहुतेकदा जंतूंमुळे नसतो. ग्रंथीनं अन्न पचवायला बनवलेली विकरं आतड्यात पोचायच्या आधी ग्रंथीतच जागी होतात आणि ग्रंथीलाच पचवायला लागतात. संसर्गाची खूण दिसली तरच अँटिबायोटिक. बेरीबद्दल आईंनी स्वतः विचारलं. डॉक्टरबाईंनी सांगितलं की तुपकट खाण्यानंतर हे बरेचदा दिसतं, पण वजन, वय, रक्तातली मुळातली चरबी हेही असतं, एकाच गोष्टीवर बोट ठेवता येत नाही. आईंना ते किती पटलं माहीत नाही.

मंगळवारी सकाळी सीआरपी 168. वाढला. माझ्या पोटात खड्डा पडला. पण क्रिएटिनिन 1.3 वर आलं होतं. पहिल्या रात्रीचं 2.1 पाणी कमी पडल्यामुळे होतं की मूत्रपिंडालाच मार बसलाय, हे सलाईन गेल्याशिवाय कळणार नव्हतं. ते उतरलं म्हणजे मूत्रपिंड शाबूत. डॉक्टरांचा चेहरा या आकड्यानं सैलावला, सीआरपीकडे त्यांनी नुसती मान हलवली. पहिल्या दिवसात तो वर जाऊ शकतो म्हणे. सोनोग्राफीत स्वादुपिंड सुजलेलं, काळसर आणि भोवतीची चरबी पांढरी दिसली, पित्ताची नळी मोकळी होती. बिलिरुबिनही चढलं नव्हतं. सुजलेली ग्रंथी पित्तनलिका दाबते तेव्हा कावीळ होते, ती शक्यता तूर्त टळली.

त्याच दिवशी नाकातून एक बारीक नळी घालून तिला पातळ, कमी चरबीचं अन्न थेंबाथेंबानं सुरू केलं. आमच्या डोक्यात होतं की स्वादुपिंडाला विश्रांती म्हणजे उपवास. पूर्वी तसंच करत, आता उलटी आटोक्यात आली की लवकर खायला घालतात, आतड्याला अन्न लागतं.

बुधवारी सीआरपी 121. कॅल्शियम 1.18. प्लेटलेट 1 लाख 90 हजार. भेटायची वेळ संध्याकाळी पाच ते सहा. तिनं शेपूट दोनदा आपटलं.

गुरुवारी सीआरपी 64. आई सहकारनगरला बहिणीकडे उतरल्या होत्या, त्यांनी तिथून तांदळाची मऊ पेज करून आणली, मीठही न घालता. डॉक्टरांना विचारून बोटानं टिकलीच्या ओठांना लावली. तिनं आधी वास घेतला, मग आईंचं बोट चाटलं, मग तळहात. चार दिवसांत पहिल्यांदा ती आपण होऊन काही खात होती. आई जमिनीवर बसून होत्या, पेज संपली तरी हात तसाच धरून.

आणि त्याच दुपारी मी हट्ट करून सीपीएल पुन्हा करायला लावला. 2,400 रुपये. आकडा आला 1,090. मी बाहेरच्या बाकावर बसून रडले. एवढे दिवस, एवढ्या सुया, आणि हा हललाच नाही! डॉक्टरबाईंनी तो पहिल्या रात्रीचा कागद मागितला आणि त्यावर रोजचे सीआरपी एकाखाली एक लिहिले. 142, 168, 121, 64. शेजारी क्रिएटिनिन, कॅल्शियम, प्लेटलेट. "खाल्लं ना आज? उलटी नाही, ताप नाही. सीपीएल सावकाश उतरेल, घरी गेल्यावरही उतरेल. तो आठवड्यांनी बघायचा." त्या बाकावर मला जे समजलं ते पहिल्या रात्रीच सांगून झालं होतं. माझ्या डोक्यात मोठा आकडा घर करून बसला होता.

8 नोव्हेंबर, शुक्रवारी सीआरपी 31. दुपारी घरी सोडलं. चार रात्रींचं एकूण बिल 45,300. त्यात राहण्याचे 14,000, सीपीएल दोनदा 4,800, सीआरपी पाचदा 6,000, सोनोग्राफी 1,800, बाकी रक्ततपासण्या, एक्स-रे, औषधं, नळी आणि रात्रीची फी. पैशाची ओढाताण असेल तर मोकळेपणानं सांगा आणि विचारा की रोज काय मोजणं गरजेचं आहे. आमच्यापुरतं बोलायचं तर दुसऱ्या सीपीएलचे 2,400 वाचले असते.

टिकलीचा विमा होता. दाखल केल्याच्या दुसऱ्या दिवशी ईमेलनं कळवलं, ते मुदतीत बसलं. 12 नोव्हेंबरला कागद पाठवले: दावा अर्ज, लसीकरणाचं कार्ड, मूळ बिलं, डिस्चार्ज कार्ड, सगळे रक्ताचे रिपोर्ट, रंगीत फोटो, रद्द केलेला धनादेश, आणि डॉक्टरांचा शिक्का नोंदणी क्रमांकासकट. 22 तारखेला त्रुटीचं पत्र आलं. दोन रिपोर्टवर माझं नाव होतं, टिकलीचं नव्हतं. मालकाच्या नावाच्या रकान्यात नाव भरलं होतं आणि जनावराचा रकाना रिकामा. ते दुरुस्त करून घ्यायला दवाखान्याला दोन चकरा. प्रत्येक रिपोर्ट हातात पडला की तिथेच उभं राहून जनावराचं नाव, वय, तारीख आणि नमुना घेतल्याची वेळ वाचा. आजारपणाची मर्यादा 30,000 होती, त्यातला दहा टक्के वाटा आपला, म्हणून 27,000 मिळाले. पैसे 2 जानेवारीला जमा झाले.

23 नोव्हेंबरला, विधानसभा निवडणुकीच्या निकालाच्या दिवशी, फेरतपासणीला गेलो. रस्ताभर गुलाल. सीआरपी 10 च्या खाली, सीपीएल 340. बारा तास उपाशी ठेवून ट्रायग्लिसराइड बघितले, 260 निघाले. उपाशीपोटीही इतके म्हणजे चरबी तिच्या रक्तात मुळातच जास्त राहते. म्हणजे पथ्य कायमचं. सकाळ-दुपार-संध्याकाळ-रात्र असं चार वेळा विभागून खाणं: कमी चरबीचं डबाबंद अन्न आणि त्यात उकडलेला भात, कातडी काढलेल्या कोंबडीच्या छातीचे तुकडे, दुधी. पाहुण्यांना सांगणं हे सगळ्यात अवघड काम. आम्ही फाटकावर पाटी लावली, "टिकलीला काहीही देऊ नये, आजारी आहे." शेजारच्या काकूंना वाईट वाटलं, कारण त्या रोज पोळीला तूप लावून देत.

18 जानेवारीला सीपीएल 170, ट्रायग्लिसराइड 138, वजन 26 किलो 200 ग्रॅम. साताऱ्याच्या डॉक्टरांना तो चार ओळींचा कागद दाखवला, त्यांनी त्याचा फोटो काढून घेतला. आता ते सीपीएलचं किट संपू देत नाहीत. मीही टिकलीच्या फाईलच्या पहिल्या पानावर तिचे बरे असतानाचे आकडे लिहून ठेवलेत, पुन्हा कधी रात्री धावायची वेळ आली तर तुलनेला काहीतरी हाताशी असावं म्हणून.

संक्रांतीच्या आधी आईंनी परत लोणी कढवलं. टिकली नेहमीप्रमाणे स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी येऊन बसली, कान पुढे करून. आईंनी बेरीत गूळ आणि भाजलेली कणीक घालून वड्या थापल्या, डबा वरच्या फळीवर ठेवला, कढईत गरम पाणी आणि राख टाकली. मग दुधीच्या दोन फोडी हातावर घेऊन तिच्यापाशी खाली बसल्या. टिकलीनं फोडी खाल्ल्या आणि बराच वेळ आईंच्या हाताचा वास घेत राहिली.